पेटीतली पत्रं रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमची लालबागची चाळ गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटला गेली, पंधरा दिवसांत खोली खाली करायची होती आणि पोटमाळ्यावरचं सगळं सामान काढायचं म्हणजे काय ते चाळीत राहिलेल्यांनाच कळेल. रद्दीवाला दारात उभा, भाऊ वरून एकेक गठ्ठा खाली देतोय, आणि त्यातच आजीची पत्र्याची पेटी आली. वर जुनी लुगडी, खाली रेशनकार्ड, आणि अगदी तळाला फडक्यात बांधलेली सव्वीस पत्रं. माझे मोठे काका मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, म्हणजे जंगी पलटण, आणि १९७१ ला ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते, ती त्यांची पत्रं. आम्ही पेटी न उघडता दिली असती तर ती किलोच्या भावाने गेली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून हे लिहितेय. गिरणगावात राहिलेल्या किती घरांत एक तरी माणूस पलटणीत होता, साताऱ्याचे, कोल्हापूरचे, रत्नागिरी-रायगडचे, एक भाऊ गिरणीत आणि एक मिलिटरीत हे तर घरोघर होतं. आणि आता सगळीकडे एकदमच चाळी पडतायत, पोटमाळे रिकामे होतायत. काय काय जात असेल रद्दीत.

काकांचं एक पत्र सांगते. इनलँड लेटर, वर पत्ता म्हणून नंबर, नाव आणि ९९ एपीओ (म्हणजे मिलिटरीचं पोस्ट ऑफिस), बास, कुठे आहेत ते लिहायची परवानगीच नाही. सुरुवात "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष", आणि मग चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, "हिकडं थंडी लई हाय पन जर्शी मिळाली. ढवळी व्याली का ते कळवने. मनीआर्डर पोचली का. कौलांचं पावसाच्या आदी बगू." शेवटी "थोडं लिहिलं जास्त समजून घेने". आजीला वाचता येत नव्हतं, गावी पोस्टमन वाचून दाखवायचा आणि तो गेला की ती शाळेतून येणाऱ्या पोरांना थांबवून परत परत वाचायला लावायची, असं माझे वडील सांगायचे. त्या पत्राच्या घड्या एवढ्या उघडल्या-मिटल्या आहेत की जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे कागदाला भोक पडलंय, आणि "खुशाल" मधलं "शा" त्यात गेलंय.

आता गंमत नाही पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की त्याच डिसेंबरात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला याच पलटणीच्या लढाईत दोन अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार झाला होता. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदला शरण ये म्हणून चिठ्ठी पाठवली आणि त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. ते पत्र इतिहासात आहे, असायलाच पाहिजे. पण त्याच शेतांत, त्याच थंडीत खंदकात बसलेला माणूस आईला गाय व्याली का विचारत होता, हेसुद्धा त्याच लढाईचं आहे ना? काका सुखरूप परत आले, पुढे मुंबईतच वॉचमनची नोकरी केली, आणि मरेपर्यंत लढाईबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. जे काय आहे ते या पत्रांत आहे.

पहिल्या महायुद्धात तर आपल्या लोकांचं याहून वाईट झालंय. तेरा लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून गेली, त्यातली कितीतरी आपल्या मुंबईच्या गोदीतून बोटीवर चढली. साताऱ्याकडच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या लढाईत कामी आले, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. फ्रान्समधून आणि इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांतून शिपाई जी पत्रं घरी लिहायचे ती आधी सेन्सॉर वाचायचा आणि महत्त्वाचं वाटेल ते इंग्रजीत उतरवून घ्यायचा. शिपाईही हुशार, आपल्या लोकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणायचे, म्हणजे काळी मिरी संपत आली असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. हे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण बहुतेक मूळ पत्रं गेली, माणसाचे स्वतःचे शब्द गेले, उरलंय ते साहेबासाठी केलेलं भाषांतर. आपल्या पेट्यांत आहे ते अस्सल आहे, हिकडं म्हणजे हिकडंच. म्हणून कोणी छापणार असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, शुद्धलेखन सुधारू नका.

आणि जपायचं म्हणून भलतंसलतं करू नका, आम्ही केलं. भावाने उत्साहाने एक पत्र स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं, फ्रेम करायला. दुकानदार म्हणाला शंभर वर्षं टिकेल. पहिल्याच पावसाळ्यात आत बुडबुडे आले, कडेने पिवळे डाग पडायला लागले, आणि आता ते प्लास्टिक काढायला गेलं तर कागद त्याच्याबरोबर येणार. नंतर कागदपत्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना विचारलं तेव्हा कळलं की लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, स्टेपल आणि टाचणी तर नकोच कारण आपल्या हवेत ती गंजते. चिकटलेली घडी ओढून उघडायची नाही. कागदावर पेनने काही लिहायचं नाही, तारीख-नाव वेगळ्या चिठ्ठीवर. ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदाच्या पाकिटात आडवी ठेवायची, ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि किचनपासून लांब, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून उघडून कसर-वाळवी बघायची. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर, नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाइलने फोटो, पण मागची बाजू आणि पोस्टाचा शिक्काही घ्यायचा. शिक्क्यावरूनच तारीख लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे घराघरांत एकेकट्याने होणार नाही. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ साली सुरू झालेलं, तिथे सैनिकांच्या घरच्या पत्रांसाठी एक टेबल आणि एक स्कॅनर ठेवा, लोक मूळ पत्र घेऊन येतील, कॉपी देऊन मूळ घरी नेतील. देऊन टाका म्हटलं तर कोणी येणार नाही, आईच्या हातची वस्तू कोण देतं हो? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या याद्या असतात, त्यांच्यामार्फत निरोप जाऊ शकतो. ७१ वाल्यांच्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत, कुठल्या पत्रात कोणाचा उल्लेख आहे ते त्याच सांगू शकतात, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही. कारगिलची पत्रं तर अजून ताजी आहेत, ती आत्ताच नीट ठेवली तर पुढे शोधायची वेळ येणार नाही.

आणि तुमच्या पेपरने १६ डिसेंबरपासून, म्हणजे ७१ च्या विजय दिवसापासून, आठवड्याला एक पत्र छापावं, मोठ्या अधिकाऱ्याचं नको, शिपायाचं, हवालदाराचं, जसंच्या तसं. मात्र घरच्यांना विचारून. कागद ज्याच्याकडे आहे त्याचा असला तरी मजकुरावर हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो, आणि कायदा सोडा, पत्रात घरातली भांडणं असतात, कोणाचं लग्न मोडलेलं असतं.

मी काकांच्या मुलीशी बोललेय. सव्वीसपैकी चोवीस पत्रं स्कॅन करून तयार आहेत, म्हणाल तेव्हा घेऊन येते. दोन काकींना लिहिलेली आहेत, ती आम्ही उघडली पण वाचली नाहीत, ती काकींकडेच राहतील.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई