ती लाल गाडी माझीच आहे

ऑक्सफर्ड,
रविवार, सकाळ

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, खोकला गेला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे आई पुढचं ऐकेल. छकुलीनं पत्र मोठ्यानं वाचावं आणि मधल्या ओळी गाळू नयेत.

फोनवर सांगायला गेलो की अण्णा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडं देतात, म्हणून लिहायला बसलो. मामानं दाखवलेला लाल गाडीचा फोटो खरा आहे. गाडी माझीच आहे. भाड्याची नाही, मित्राची नाही. जुनी आहे, दोन सीटची आहे, छत कापडाचं आहे. आणि मी ती रोज कामावर नेतो. पैशाचं शेवटी लिहितो.

लातूरच्या आपल्या डॉक्टरांनी ती मोठी एमजी घेतली ना, तिची ही पणजी म्हणा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, आणि ते गॅरेज इथं ऑक्सफर्डातच होतं. माझी ही गाडी, एमजीबी मॉडेलची, इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या ॲबिंग्डनला तयार झाली. तो कारखाना १९८० साली बंद पडला. नाव हातोहात फिरत आता चिनी मालकाकडं आहे. गाडी १९७२ ची. अण्णा, साल ऐकून तुम्ही थांबाल हे मला माहीत आहे. दुष्काळात तुम्ही आजीबरोबर खडी फोडायला जायचा, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खायचा, तेव्हा इकडं कुणीतरी हिला लाल रंग देत होतं. कागदावर ते साल वाचल्यावर घ्यावी का नको, यात माझे दोन दिवस गेले. मग घेतलीच.

आता इथल्या लोकांचं एक सांगतो, आईला पटणार नाही. असली गाडी असलेला माणूस ती चालवत नाही, झोपवतो. ऑक्टोबर सरला की तिला धुवायचं, पुसायचं, मेण लावायचं. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवा राहून पाणी धरत नाही. चाकांत हवा थोडी जास्त भरायची, कारण एका जागी उभं राहून टायर खालून चपटं होतं. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवायचा. वर मऊ कापडाची खोळ. काही जण तर प्लास्टिकचा मोठा फुगा आणतात, त्यात गाडी ठेवतात आणि पंख्यानं रात्रंदिवस हवा फिरवतात. सरकारलाही ऑनलाइन कळवता येतं की ही गाडी आता रस्त्यावर येणार नाही. आणि रोजची गाडी? ती बाहेर, दवात! सकाळी मालक काचेवरचा बर्फ खरवडत उभा. गॅरेज झोपलेल्या गाडीला दिलेलं ना. मार्च-एप्रिलपर्यंत हे चालतं. मधे एखाद्या रविवारी खोळ उचलून बघायचं, चहा प्यायचा आणि परत खोळ टाकायची. आपण देव्हाऱ्यातल्या देवालासुद्धा रोज पाणी घालतो. यांचं दैवत चार महिने कोरडं.

ज्या म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून गाडी घेतली, त्यानं तीन वर्षांत दोनशे मैलसुद्धा चालवली नव्हती. आणली तेव्हा पुढचे ब्रेक धरून बसले होते, क्लचची प्लेट गंजून चिकटली होती. कार्बोरेटर दोन आहेत, दोन्हींत पेट्रोल वाळून राळेसारखं झालेलं. गाडी वापरून जेवढी झिजली नव्हती तेवढी उभी राहून बिघडली होती. आता रोज फिरते तर पहिल्या फटक्यात सुरू होते. मात्र पाच मिनिटांची चक्कर मारून आणली तर तोटाच. इंजिन नीट तापलं नाही तर तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी राहतं आणि सायलेन्सर आतून सडतो. म्हणून मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, गावागावांतून कामावर जातो. अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास मला इथं बरं वाटतं.

पेट्रोलचंही तिकडच्यासारखंच आहे. आपल्याकडं ऊस-मक्याचं वीस टक्के इथेनॉल आलं, इथं साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या रबराच्या नळ्यांना ते मानवत नाही. मी नळ्या बदलल्या आणि कमी इथेनॉलचं महाग पेट्रोल भरतो. महाग म्हणजे फार नाही.

आई, तुझ्या काळजीचं. मामा म्हणतो एअरबॅग नाही. नाही, बरोबर आहे. पण पट्टा आहे, ब्रेक नवे आहेत आणि मोठ्या हायवेवर मी तिला नेत नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स माफ आणि वर्षाची तपासणीही सक्तीची नाही, तरी मी पैसे भरून तपासणी करून घेतो. तुझ्याचसाठी. थंडीत इथं बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, पोत्यानं नाही, ट्रकनं. त्या मिठानं पत्रा सडतो. ताजं मीठ पडलं त्या दिवशी मी बसनं जातो आणि रस्ता धुतला गेला की मग गाडी काढतो. आल्यावर खालून पाणी मारतो. एवढी निगा मी कधी स्वतःची घेतली नाही, असं म्हणशील. म्हण.

ताईनं विचारलंय, दुसऱ्या सीटवर कोण बसतं. डब्याची पिशवी.

येळवशीच्या अमावास्येला तुम्ही सगळे शेतात होता, भज्जी-आंबील झाली, छकुलीनं कडब्याच्या कोपीचा फोटो टाकला. त्या दिवशी मी डबा घेऊन एका शेताच्या कडेला गाडी लावली आणि छत उघडून जेवलो. गार वारा सुटला होता. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईनं विचारलं, गाडी बंद पडली का? मी म्हटलं, नाही, सण आहे.

अण्णा, येळवशीला गावी आलो नाही कारण रजा मिळाली नव्हती, हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. नोव्हेंबरात गाडीच्या दोन्ही दारांखालचा पत्रा सडलेला निघाला. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, त्या पत्र्यावरच ती उभी असते, म्हणून कापून नवा जोडावा लागला. तिकिटाचे पैसे त्यात गेले. गाडी मुळात एका जुन्या ट्रॅक्टरच्या भावात पडली होती, तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं.

छकुलीच्या लग्नाचे तीन लाख ठरल्याप्रमाणे पाडव्याच्या आत येतील, त्याला हात लावलेला नाही. बोअरचे पुढच्या महिन्यात. सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं मार्चात करावं लागेल, त्याचा आकडा दादाला पाठवायला सांगा, त्याच्याशी वाद घालू नका. उदगीरच्या मुलीचा फोटो बघितला. नाही म्हणत नाही. मेमध्ये येतो तेव्हा भेटतो, पण त्यांना गाडीचं आधीच सांगा, मागून कळायला नको.

आणि आबांची राजदूत फटफटी. गोठ्यात पोत्याखाली किती वर्षं झाली? मी मागं किक मारली तर उंदराचं घरटं निघालं आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे, कशाला छेडायलास." मी आल्यावर आपण दोघं बघू. तोवर एवढंच करा, टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढून टाका. त्यावर सुरू करू नका.

तुमचा,
बाळू