बॉथमच्या मुलाचं काय झालं

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, इंग्लंडचा अष्टपैलू क्रिकेटपटू इयन बॉथम, त्याचा मुलगा पुढे कुठे गेला, हे फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

नाव लियम. जन्म ऑगस्ट १९७७चा. त्याच्या महिनाभर आधी वडिलांनी ट्रेंट ब्रिजला पहिल्याच कसोटीत पाच बळी घेतले होते. लियम हॅम्पशायरकडे होता, म्हणजे इंग्लंडच्या एका काउंटी (प्रांतिक) क्रिकेट संघात. काउंटीत नवी पोरं सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघात, खेळतात आणि वरच्या संघात जागा झाली की ऐनवेळी बोलावणं येतं. त्याला ते ऑगस्ट १९९६मध्ये आलं, पोर्ट्समथला, मिडलसेक्सविरुद्ध. ६७ धावांत ५ बळी! त्यात माइक गॅटिंग. हो, तोच, ज्याने १९८७च्या सेमीफायनलला वानखेडेवर गूचच्या जोडीने स्वीप मारमारून आपल्याला रडवलं.

आणि तरी प्रथम श्रेणीचे सामने एकूण तीनच.

आडनावाचं ओझं म्हणतात, ते खोटं नाही. वानखेडेवरच १९८०च्या कसोटीत ज्याने ११४ धावा आणि १३ बळी घेतले, त्याच्या मुलाचा प्रत्येक स्पेल त्याच मापाने मोजला जाणार. पण मला वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लियम रग्बीही खेळायचा. ऑगस्ट १९९५पर्यंत रग्बी युनियनमध्ये (पंधरा जणांची रग्बी) अधिकृतपणे मानधन नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात रग्बी असं जमायचं. पैसा आला तसे करार आले आणि रग्बीचा सीझनआधीचा सराव भर उन्हाळ्यात सुरू झाला. काउंटीचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे काउंटी संघांची चॅम्पियनशिप रंगात येते नेमकी तेव्हाच दोन्हीकडून बोलावणं. एक काहीतरी सोडावंच लागतं.

त्याने वेस्ट हार्टलपूलचा रग्बी क्लब धरला. मग कार्डिफ, न्यूकॅसल आणि पुढे पंधराऐवजी तेरा जणांची रग्बी लीग: लीड्स, विगन. टॅकलमध्ये मान सतत दबते. त्याच मानेच्या दुखापतीने २००५मध्ये खेळ थांबला. क्रिकेटमध्ये फसला म्हणून गेला, असं मी तरी म्हणणार नाही.

आई, तुला नातवंडांच्या गोष्टी आवडतात म्हणून: लियम कार्डिफला खेळत असताना तिथे जन्मलेला त्याचा मुलगा जेम्स २०२०पासून वेल्सकडून रग्बी खेळतो. आजोबा इंग्लंडचे कप्तान, नातू लाल जर्सीत इंग्लंडचा प्रतिस्पर्धी!

तुमची,
लेक