घोट्यापर्यंतचा एक जुना बूट द्या : मुलांच्या चित्रकला वर्गासाठी आवाहन

सोलापूरकरांना सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीत पूर्व भागातल्या आमच्या वाचनालयात सहा रविवार चित्रकलेचा वर्ग भरणार आहे. पाचवी ते आठवीची ३६ मुलं आणि विषय एकच : घोट्यापर्यंत येणारा कॅनव्हासचा बूट, म्हणजे हायटॉप. त्यासाठी आम्हाला रोख रक्कम नको, बूट हवेत. १२ बूट. मळके, विटलेले, शिवण उसवलेले चालतील. जोडीच हवी असंही नाही; एका पायाचा बूट घरात उरला असेल तर तोही तितकाच उपयोगी.

एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रासाठी मुलं तांब्या, बादली, बरणी काढून सराव करतात. ही भांडी दोन्ही अंगांनी सारखी. मधोमध उभी रेघ मारली आणि एक बाजू जमली, की तिच्यावरून दुसरी उतरवता येते. बुटाला ती सोय नाही. टाच वेगळी, चवडा वेगळा, आतली बाजू बाहेरच्यासारखी नाही. समोर ठेवून बघितल्याशिवाय तो काढताच येत नाही, आणि आम्हाला शिकवायचं आहे ते हे बघणंच. मोबाइलवरचा फोटो त्यासाठी चालत नाही. जवळून काढलेल्या फोटोत बुटाचं टोक फुगतं, टाच आक्रसते, आणि मूल तीच चूक इमानाने कागदावर उतरवतं.

जुना बूट मागण्यालाही कारण आहे. कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड. पुढची रबराची टोपी वाकत नाही, म्हणून चालताना तिच्या लगेच मागे कापड मोडतं आणि तिथे कायमच्या घड्या पडतात. घोट्याच्या पुढेही तसंच. या घड्यांवरून बूट कुठे वळतो ते मुलांना कळतं. मागांच्या आवाजात वाढलेल्या मुलांना कापड कसं पडतं, कुठे ताणतं हे वेगळं सांगावं लागत नाही. नव्या कोऱ्या बुटात यातलं काहीच दिसत नाही. रंग शक्यतो पांढरा, खाकी, लाल किंवा निळा असावा. काळ्या बुटात सावली वेगळी ओळखू येत नाही आणि मुलं तो सरसकट काळा भरून मोकळी होतात.

घोट्यावर गोल बिल्ला असलेला बूट मिळाला तर फारच छान. कॉन्व्हर्स कंपनीने १९१७ साली बास्केटबॉलसाठी आणलेल्या बुटाची ती ओळख, पण आम्हाला कोणत्याही कंपनीचा चालेल. त्या बुटावर बिल्ला आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या अंगाला असतो. हवेसाठीची दोन छोटी भोकंही त्याच बाजूला, खाली. म्हणजे डाव्या बुटाचा बिल्ला दिसत असेल तर बुटाचं टोक उजवीकडेच असणार. मुलं बिल्ला हवा म्हणून काढतात आणि टोक भलत्याच दिशेला करतात. शिवाय बूट जरा फिरवला की बिल्ला लंबगोल दिसतो, पण हात सवयीने पूर्ण गोलच काढतो.

वर्गात सुरुवात बाजूने दिसणाऱ्या बुटापासून. ए-फोर कागद आडवा, सोलची रेघ २० सेंमी. तिचे सहा सारखे भाग. पुढचा एक भाग रबराच्या टोपीचा. मोठ्या माणसाच्या बुटाची उंची लांबीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, म्हणजे इथे ११ सेंमीच्या आसपास. लहान मुलाचा बूट लांबीच्या मानाने उंच दिसतो, म्हणून आकडा पाठ करायचा नाही. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मोजायचं. वरचं तोंड टाचेकडून लांबीच्या दोन पंचमांशात बसतं. तोंडाच्या पुढच्या कडेपासून खाली, पुढून दुसरा भाग संपतो तिथपर्यंत तिरकी रेघ आली, की लेसची जागा ठरली.

चुका ठरलेल्या असतात. सोल पट्टीने आखल्यासारखा सरळ येतो, प्रत्यक्षात टोक जमिनीपासून किंचित उचललेलं असतं. टाच भिंतीसारखी उभी येते. ती खाली फुगते, वर थोडी आत जाते. लेसची तर ओळीने फुल्या मारलेली शिडीच होते. म्हणून आधी दोन्हीकडची भोकं, मग जीभ, मग लेस, आणि तीही एका रेघेने नव्हे, फितीसारखी दोन रेघांनी. कुठली फीत वर, कुठली खाली, हे प्रत्येक फुलीपाशी बघून ठरवायचं. सावली बुटाला चिकटून सर्वांत गडद हवी, नाहीतर बूट हवेत तरंगतो. रबराच्या टोपीवरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा पेन्सिल फिरली की खोडरबराने ती परत येत नाही.

बुटांखेरीज लागणारं सामान : कार्ट्रिज कागद ७०० (दर रविवारी प्रत्येकी ३, म्हणजे ६४८, वर खराब होणारे), एचबी आणि टूबी पेन्सिली प्रत्येकी ३६, फोरबी १२, खोडरबर ३६, सारख्या उंचीची १२ स्टुलं सहा रविवारांपुरती. एका स्टुलाभोवती तीन मुलं बसतील. कच्च्या रेखाटनासाठी एका बाजूने कोरे असलेले कार्यालयांतले कागद द्या. कारखानदारांकडे एक खास मागणं : बुटाखाली अंथरायला बिननक्षीच्या कापडाचे मीटरभराचे १२ तुकडे. सोलापुरी चादर आपल्या अभिमानाची, पण तिच्या नक्षीवर बुटाची सावली हरवते.

वेळ सकाळी ७ ते ९. उन्हाचा त्रास नको हे आहेच, पण त्या वेळी उजेड खिडकीतून तिरका येतो आणि बुटाची एक बाजू उजळ, एक सावलीत राहते. चित्रकलेच्या शिक्षकांपैकी किंवा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांपैकी चौघांनी वेळ द्यावा. एकच अट आहे : मुलाच्या कागदावर हात चालवायचा नाही. दाखवायचं ते शेजारी, वेगळ्या कागदावर.

बूट साबणाने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, आत घोट्यापर्यंत रद्दी ठासून आणावा. नाहीतर वरचा भाग लोळतो आणि उभा राहत नाही. सामान वाचनालयाच्या टेबलावर संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत स्वीकारू. बूट परत हवा असेल तर नावाची चिठ्ठी आत ठेवा, सहावा रविवार झाला की घेऊन जा. धुताना लेस काढली असेल तर ती ओवूनच द्या, वरची दोन भोकं रिकामी राहिली तरी हरकत नाही.