वजनकाट्याशेजारी दहा मिनिटे खेळासाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात मी बावीस वर्षे अंगणवाडी सेविका होते. दर महिन्याला वजने घेताना कुणीतरी आई हमखास म्हणे, "बाई, हे फार किरकिरं आहे, थोरलं असं नव्हतं." त्यावर आईनेच लाडावून ठेवले, हे सासूबाईंचे उत्तर ठरलेले असे. हा दोष आईच्या पदरात घालणे अन्यायाचे आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून टॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास केला, तेव्हा सुमारे ४० टक्के मुले सहज रुळणारी, १५ टक्के हळूहळू रुळणारी आणि १० टक्के सांभाळायला अवघड आढळली, तर उरलेली कोणत्याच गटात नीट बसली नाहीत. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांचे वागणे यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या केंद्रातल्या एका विडी कामगार आईची आठ महिन्यांची मुलगी अशीच होती. आत्या प्रेमाने तोंडासमोर खुळखुळा वाजवी आणि पोर मान फिरवून रडे. मी आईला विड्या वळायचे सूप बाजूला ठेवून, तंबाखूचे हात धुऊन, पदराआडून हळू आवाजात बुवा-कुक करायला आणि मुलगी आपणहून हात पुढे करेपर्यंत थांबायला सांगितले. चौथ्या वेळी तिने स्वतःच पदर ओढला. पदराआड गेलेली आई तिथेच आहे, हे बाळाला याच वयात उमगू लागते.

जमैकातील किंग्स्टनमध्ये १९८०च्या दशकात १२९ खुरटलेल्या मुलांवर झालेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यातील काही घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्याला तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत. या मुलांची बौद्धिक वाढ सुधारली आणि वीस वर्षांनंतर त्यांची कमाई खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. नुसत्या पूरक आहाराचा असा परिणाम टिकला नाही.

आपल्याकडे वजन आणि आहार यांची नोंद चोख होते, पण तीन वर्षांखालील मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवायला सेविकेजवळ वेळ उरत नाही. महिला व बालविकास विभागाने वजनाच्या दिवशी प्रत्येक आईसाठी दहा मिनिटे राखावीत आणि त्यासाठी सेविकांचा नोंदवह्यांचा भार कमी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे मार्गदर्शन तेलुगू आणि कन्नडमध्येही व्हावे. माझ्याकडच्या कितीतरी आया घरी तेलुगू बोलत आणि बाळाशी मात्र मराठीतच बोलायला हवे, असे समजून गप्प बसत.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, सोलापूर