शाळांच्या पुस्तकपेटीसाठी आवाहन : पैसे द्या, आणि पुस्तक पारखायला दोन संध्याकाळीही द्या

सप्रेम नमस्कार.

आपले सार्वजनिक वाचनालय या वर्षी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी माहितीपर पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू करत आहे. एक पेटी केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटातल्या, एका शाळेत दोन महिने राहील, मग पुढच्या शाळेत जाईल. या कामाला पैसा लागणार आहे. तितकीच गरज आहे ती पुस्तक पेटीत जाण्याआधी ते वाचून, त्यातले खरेखोटे तपासणाऱ्या जाणत्या माणसांची. या पत्रातून आम्ही दोन्ही मागत आहोत.

गोष्टींची पुस्तके शाळांत थोडीफार पोचली आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि ज्या शाळेत ते येते तिथे मुले त्याची वाट बघतात. उणीव आहे ती जग समजावून सांगणाऱ्या पुस्तकांची. खेकडा तिरका का चालतो, विहिरीला पाणी कुठून लागते, चांद्रयान-३ चंद्रावर उतरले म्हणजे नेमके काय झाले, असे प्रश्न तिसरी-चौथीतली मुले रोज विचारतात. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, शाळेत येणारा मुलगा जमिनीच्या कातळात कोरलेल्या प्राचीन कातळशिल्पांच्या बाजूने चालत येतो. कोकणातली ही शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण ती कशी कोरली असतील, हे त्याच्या वयाला समजेल असे सांगणारे पुस्तक त्याच्या शाळेत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्र, मासिके व सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘सर्व विषयांची’ हे शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटतात. गोष्टीत न रमणारी कितीतरी मुले यंत्रांच्या किंवा प्राण्यांच्या पुस्तकात डोके खुपसून बसतात. त्यांच्या हाती असे पुस्तक पडले नाही, तर ‘याला वाचनाची आवड नाही’ असा शिक्का बसतो आणि तो पुढे पुसला जात नाही.

आमच्या बालविभाग समितीने काही शाळांची कपाटे शिक्षकांसोबत उघडून पाहिली. द्विशिक्षकी शाळेत दोघांनी मिळून पाच वर्ग सांभाळायचे असतात, त्यामुळे कपाटाच्या अवस्थेचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल. कपाटांत पुस्तके आहेत. पण त्यांतली बरीचशी कोणीतरी घर आवरताना दिलेली आहेत : जुनी गाइडे, स्पर्धापरीक्षांचे प्रश्नसंच, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे सामान्यज्ञान. त्यांत सूर्यमालेत अजून नऊ ग्रह आहेत. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळले, हे तिथे पोचलेले नाही. नकाशांच्या पुस्तकांत तेलंगण नाही, लडाख वेगळा नाही, महाराष्ट्रात पालघर जिल्हा नाही. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू चव कळते अशी आकृती तर जवळपास प्रत्येक कपाटात सापडली. ती समजूत चुकीची आहे, हे विज्ञानाने कधीच दाखवून दिले आहे. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्याच भागांवर कळतात, आणि जिभेवर साखरेचा दाणा ठेवून कोणतेही मूल हे घरी करून पाहू शकते.

ग्रहांची चूक पुढच्या इयत्तेत दुरुस्त होईल. पण एका पुस्तकात सर्पदंशावर उपाय म्हणून दंशाच्या जागी ब्लेडने चीर द्यावी, रक्त चोखून काढावे आणि वर दोरी घट्ट आवळावी असे चित्रांसह छापलेले होते. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत, आणि फुरसे तर सड्यावर दगडाखाली सहज सापडते. चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो, जंतुसंसर्ग होतो. दोरी आवळल्याने पाय कायमचा निकामी होऊ शकतो. खरा उपाय इतकाच : दंश झालेल्याला धीर द्यायचा, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि वेळ न दवडता प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्यायचे. चुकीचे पुस्तक वाचलेले मूल घरात तेच सांगणार, आणि ‘पुस्तकात लिहिलंय’ म्हटल्यावर आजीही ते मानणार. ते पुस्तक आम्ही मुख्याध्यापकांच्या संमतीने कपाटातून काढले. पुस्तक निवडण्याचे काम किती गंभीरपणे घ्यावे लागेल, हे समितीला त्या दिवशी पटले.

आता पुस्तक घेताना आम्ही काय पाहतो ते सांगतो, म्हणजे आपल्यालाही मदत करताना सोपे जाईल. मुखपृष्ठाआधी आम्ही श्रेयपान, म्हणजे आवृत्ती, वर्ष आणि प्रकाशक छापलेले पान, पाहतो. ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘सुधारित आवृत्ती’ यांत मोठा फरक आहे. कालपरवा छापलेल्या पुस्तकातला मजकूर तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. मग लेखकाने हा विषय कुठून जाणला, कोणा तज्ज्ञाने मजकूर तपासला आहे का, हे पाहतो. चित्रांत प्रमाण आहे का, म्हणजे मुंगी आणि बेडूक एकाच आकाराचे काढलेले नाहीत ना, आणि चित्राखाली नाव आहे का? भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे आहेत का? परदेशात छापलेल्या देखण्या पुस्तकांत इथे हमखास गडबड असते. पाचवीच्या पुढच्या पुस्तकाला शेवटी सूची असावी, असा आमचा आग्रह आहे. सूचीत शब्द शोधून त्या पानावर जायचे, ही सवय एकदा लागली की मूल स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधू लागते.

भाषेची परीक्षा आम्ही मोठ्याने वाचून घेतो. वाक्य एका दमात वाचता येत नसेल, किंवा ‘बाष्पोत्सर्जन’सारखा शब्द न उलगडता पुढे ढकलला असेल, तर ते पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नाही. अनुवादात ओकची झाडे आणि रॉबिन पक्षी असले तरी आमची हरकत नाही. मात्र पेटीत ताम्हण, शेकरू, हरियाल, खारफुटी, भातखाचर आणि जांभा दगडही असलेच पाहिजेत. शिवाय बांधणी शिवलेली हवी. आपल्या पावसाळ्यात डिंकाने चिकटवलेली पाने श्रावणापर्यंत सुटतात आणि उरलेल्याला कसर लागते.

चरित्रांबद्दल समितीत बराच वाद झाला. बत्तीस पानी थोरांची चरित्रे प्रत्येक शाळेत ढिगाने आहेत. त्यांतले संवाद अनेकदा मनचे रचलेले असतात आणि सगळे थोर लहानपणापासून सारखेच आदर्श असतात. आम्हाला अशी चरित्रे हवीत ज्यांत माणसाने काय काम केले ते नीट कळते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजहून डॉक्टरेट मिळवली, हे वाक्य मुलांना पाठ होते. पण त्यांनी बटाट्यात काय शोधले, आणि नीरेतल्या पोषणमूल्यांचा अभ्यास का केला, हे सांगणारे पुस्तक मुलींना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेते. अशी चरित्रे अजून थोडी आहेत, पण शोधली तर मिळतात.

म्हणून आमची पहिली विनंती वेळेसाठी आहे. आपण निवृत्त शिक्षक असाल, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर किंवा परिचारिका असाल, वनखात्यात, कृषीखात्यात, वीज मंडळात काम केले असेल, होडी घेऊन समुद्रावर जात असाल, तर आपल्या विषयाचे एक पुस्तक घरी न्या आणि वाचा. जिथे चूक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. माशांवरच्या पुस्तकातली चूक मच्छीमाराला जितक्या लवकर दिसेल तितकी आमच्यापैकी कोणाला दिसणार नाही. प्रत्येक पुस्तक दोन मोठी माणसे आणि एक शिक्षक वाचतील, त्यानंतर ते चार-पाच मुलांना देऊन त्यांना काय समजले ते विचारले जाईल. शंका आल्यास पडताळण्यासाठी मराठी विश्वकोशाच्या नोंदी महाजालावर विनामूल्य आहेत. त्या कशा शोधायच्या हे वाचनालयात दाखवू.

दुसरी विनंती पैशांची. एका पेटीत ४० पुस्तके असतील. पुस्तके, पत्र्याची पेटी, प्लॅस्टिकची आवरणे आणि वाहतूक धरून एका पेटीला सुमारे १२,००० रुपये लागतील. म्हणजे हा सगळा खर्च धरून एका पुस्तकामागे ३०० रुपये पडतात. जमलेल्या देणगीतला काही भाग आम्ही फाटणाऱ्या आणि हरवणाऱ्या पुस्तकांसाठी मुद्दाम राखून ठेवणार आहोत. आज अनेक शाळांत कपाटाला कुलूप असते, कारण पुस्तक हरवले तर भरपाई शिक्षकाच्या माथी येईल अशी भीती असते. आमच्या पेटीतले पुस्तक फाटले तर शिक्षकांना किंवा मुलांना एक रुपयाही भरावा लागणार नाही, असे आम्ही शाळांना लेखी देत आहोत. ते वचन आपल्या देणगीच्या बळावरच पाळता येईल. कोणाला एखाद्या शाळेसाठी ‘किशोर’ची वर्षाची वर्गणी भरायची असेल, तर तीही आम्ही स्वीकारू.

जुनी पुस्तके देऊ इच्छिणाऱ्यांना नम्रपणे सांगतो : कृपया गठ्ठे आणून ठेवू नका. आधी नावांची यादी आणि श्रेयपानाचे छायाचित्र दाखवा, उपयोगी असतील ती आनंदाने घेऊ. परदेशातल्या आप्तांनी जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश पाठवण्यापेक्षा टपालखर्चाच्या रकमेत इथली मराठी पुस्तके घेऊ द्यावीत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अजूनही स्वस्त आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची मराठी पुस्तके छापून घ्यायला मुभा आहे, त्यामुळे ज्यांचा छापखाना आहे किंवा रंगीत छपाईची सोय आहे, त्यांनी कागद आणि शाई दिली तरी पेटीत भर पडेल.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विशेष विनंती. पुस्तकांची यादी वाचनालयाच्या फलकावर आणि गावोगावच्या मुंबई मंडळांकडे दिली आहे. त्यातले एखादे पुस्तक दादरहून येताना सोबत आणा, दुकानाची पावती जपून ठेवा, म्हणजे तेच पुस्तक दोघांनी आणले तर बदलून घेता येईल. देणगी वाचनालयात रोख किंवा धनादेशाने द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमाखर्च दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल, नाकारलेल्या पुस्तकांची यादी कारणांसह तिथेच असेल.

पुस्तके वाचण्यासाठी नाव नोंदवायचे असेल, तर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळेत बालविभागात यावे. पहिल्या पेट्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यात निघतील, त्यामुळे तपासणीची पुस्तके दसऱ्यापर्यंत परत आली पाहिजेत.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह आणि बालविभाग समितीचे सर्व सदस्य
सार्वजनिक वाचनालय