खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गुडघे दुखून राहिले, तर "वय झालं न आता". उठताना घेरी आली, वय झालं. शेजारच्या काकूंचं नाव आठवलं नाही, तेही वयच. फोनवर सगळ्याला हे एकच उत्तर मिळतं, आणि मग तपासायचं राहून जातं.

येल विद्यापीठातल्या बेक्का लेव्ही यांचं काम याच वाक्यावर आहे. ओहायोतल्या एका गावात १९७५ साली पन्नाशीपुढच्या लोकांना विचारलं होतं, की वय वाढतं तसा आपला उपयोग कमी होतो असं वाटतं का? लेव्हींनी त्यातल्या ६६० जणांच्या नोंदी पुढे तपासल्या. आपल्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेनं पाहणारे साधारण साडेसात वर्षं जास्त जगले होते. तब्येत आणि सांपत्तिक स्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला (२००२). याचा अर्थ आरशासमोर 'मी तरुण' म्हटलं की आयुष्य वाढतं, असा नाही हं बाबा. पण सगळं वयामुळेच होतं असं ठरवलेला माणूस फिरणं सोडतो, डॉक्टरला सांगत नाही. मला तरी बरंचसं नुकसान तिथूनच होताना दिसतं.

आता पायांचं. हात नसलेली, १७ इंच उंच लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दिवाण नको, बूड खाली रुततं. हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहायचं, बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. मांडीला हात टेकवला तर ती गणती शून्य. दुसऱ्यानं घड्याळ धरून जवळच उभं राहायचं. बाबांच्या ७६ ला ११ पेक्षा कमी आणि आई, तुझ्या ७१ ला १० पेक्षा कमी भरलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. आकडे अमेरिकेतले आहेत, म्हणून पास-नापास समजू नका. दर महिन्याला आपलाच मागचा आकडा बघा. वाढवायचा असेल तर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा तेच करायचं. बसताना मात्र चार मोजत सावकाश, धपकन नाही. मांडीला ताकद येते ती त्या सावकाश उतरण्यात.

घेरीचं माप बीपीच्या मशीनवर निघतं. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभं असताना हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. लोंबता राहिला तर आकडा जास्त येतो आणि खरी घसरण लपते. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. नागपूरच्या मे महिन्यात हे जास्तच होतं. या वयात तहान कमी लागते, कुलरसमोर घाम तिथल्या तिथे वाळतो, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असलं तर पाणी आणखी उतरतं. रात्री बाथरूमला जाताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पावलं दहा वेळा वर-खाली करा, मग उठा.

नावांचं ऐक, आई. नाव अडलं आणि तासाभरानं भाजी निवडताना आठवलं, तर काळजीचं कारण नाही; शब्द शोधायचा वेग मंदावतो, शब्दांचा साठा टिकतो. पण आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीत पुढे काय करायचं हेच सुचेनासं झालं, किंवा गोकुळपेठ बाजारातून घरचा रस्ता चुकला, तर लगेच सांगायचं. त्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घे. आपण शाकाहारी, त्यात तुझी शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू; बी-१२ उतरायला दोन्ही कारणं पुरेशी आहेत, आणि ते भरून काढता येतं.

बाबा, टीव्हीचा आवाज गच्चीवर ऐकू येतो म्हणे. कान तपासून घ्या. ऐकू न आलेली गोष्ट लक्षात राहणार तरी कशी?

रविवारी फोन करीन तेव्हा खुर्चीचा आकडा आणि बीपीचे तिन्ही आकडे, दोघांचे, लिहून ठेवलेले असू द्या. आणि ती प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, टाइलवर सरकते.

तुमची,
छोटी