आधी केसपेपर, मग आकडा

महोदय,

नामवंत व्यक्ती उपचारादरम्यान दगावली आणि पुढे रुग्णालयाने कुटुंबाशी तडजोड केली, की मथळ्यात हमखास भरपाईचा आकडा येतो. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांच्या बाबतीत तो ६० लाख डॉलर होता. आकडा लक्षात राहतो, पण त्यावरून चूक किती मोठी होती हे कळत नाही. मुळात चूक झाली होती का, हेही नाही. त्यासाठी घटनाक्रम वाचावा लागतो, आणि गोपनीयतेच्या अटीखाली नेमका तोच गाडला जातो.

आर्मस्ट्राँग यांची बायपास ७ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, ओहायोत सिनसिनाटीजवळच्या मर्सी हेल्थ-फेअरफील्ड रुग्णालयात झाली. अशा शस्त्रक्रियेच्या शेवटी सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर दोऱ्यासारख्या बारीक तारा अलगद अडकवतात आणि त्यांची टोके त्वचेतून बाहेर काढून ठेवतात. ठोके मंदावलेच तर त्या तात्पुरत्या पेसमेकरला जोडायच्या. काही दिवसांनी गरज संपली की हलक्या हाताने ओढून काढायच्या. बहुतेक वेळा काही होत नाही. क्वचित मात्र तार निघताना हृदयाचा पृष्ठभाग किंचित फाटतो आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू लागते. ही पिशवी झटकन ताणत नाही, त्यामुळे भराभर साचलेले १५०-२०० मिलिलिटर रक्तसुद्धा हृदयाला नीट भरू देत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणूनच तारा काढण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी पाहतात आणि काढल्यावर रुग्णाला काही काळ पलंगावरच ठेवून नाडी व रक्तदाब वरचेवर मोजतात.

आर्मस्ट्राँग यांच्या तारा परिचारिकेने काढल्या आणि आत रक्तस्राव सुरू झाला. त्यांना आधी कॅथलॅबमध्ये (जिथे छाती न उघडता नळीने हृदयाची तपासणी व उपचार होतात) नेऊन नळीवाटे रक्त काढले, नंतर ऑपरेशन थिएटरमध्ये हलवले. २५ ऑगस्टला ते गेले. सगळा वाद या एका वळणावर आहे. नळीने दाब उतरतो, पण वाहणारी जागा बंद होत नाही. त्यासाठी छाती उघडावी लागते. मग थेट थिएटर का नाही? यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. रुग्णालयाने आपल्या उपचारांचे समर्थन केले आणि तरीही २०१४ मध्ये, कोर्टात दावा दाखल होण्याआधीच, पैसे मोजले. अपोलो ११ च्या चंद्रमोहिमेचा ४५वा वर्धापनदिन तोंडावर होता आणि त्या वेळी मुले जाहीरपणे बोलू शकतात, असे मुलांच्या बाजूने रुग्णालयाला लेखी कळवले गेले होते. ६० लाखांत वैद्यकशास्त्र किती आणि ही धास्ती किती, हे प्रत्येकाने ठरवावे.

ओहायोत मृत्यूच्या भरपाईच्या वाटपाला प्रोबेट कोर्टाची (मृताच्या मालमत्तेची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयाची) मंजुरी लागते. त्यामुळे कागद तयार झाले आणि जुलै २०१९ मध्ये त्यांतली ९३ पाने निनावी टपालाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’कडे पोहोचली. दोन मुलांना मिळून ५० लाखांहून जास्त, भाऊ आणि बहिणीला प्रत्येकी अडीच लाख, सहा नातवंडांना प्रत्येकी २४ हजार डॉलर. पत्नीने काही घेतले नाही.

तडजोड म्हणजे कबुली, असे समजणाऱ्यांनी अभिनेते जॉन रिटर यांचे प्रकरण पाहावे. ११ सप्टेंबर २००३ रोजी कॅलिफोर्नियात त्यांच्यावर हृदयविकाराचा झटका समजून उपचार झाले. प्रत्यक्षात महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, आतले अस्तर फाटले होते. दोन्हींत छातीत दुखते, पण एकात रक्त गोठू नये म्हणून दिलेले औषध दुसऱ्यात घातक ठरते. छातीच्या साध्या एक्स-रेवर महाधमनीचा भाग रुंद दिसला तर पुढचा सीटी स्कॅन करण्याची बुद्धी होते, म्हणूनच कुटुंबाने भरलेल्या खटल्यात न काढलेल्या एक्स-रेवर एवढा खल झाला. रुग्णालय व इतरांनी आधीच सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. दोन डॉक्टर मात्र ज्युरीपुढे (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे) उभे राहिले आणि २००८ मध्ये ९ विरुद्ध ३ मतांनी निर्दोष सुटले. घटना एकच, काहींनी कोटी मोजले, काहींनी छदामही नाही.

या खटल्यात कुटुंबाची मागणी ६ कोटी ७० लाखांची होती. कारण कॅलिफोर्नियात १९७५ च्या कायद्याने यातना आणि विरहापोटीच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा होती (ती २०२३ पासून वाढू लागली), पण बुडालेल्या कमाईवर कोणतीच नव्हती. टीव्हीवरच्या नटाची कमाई मोठी, म्हणून दावा मोठा. त्याच रुग्णालयात त्याच चुकीने एखादी निवृत्त शिक्षिका गेली असती, तर वकील मिळायचीही मारामार झाली असती.

चुकलेल्या डॉक्टरची कुठे नोंद राहते का? अमेरिकेत १९९० पासून नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक ही सरकारी नोंदवही आहे. डॉक्टरच्या वतीने विमा कंपनीने वा रुग्णालयाने पैसे दिले, की ३० दिवसांत तिथे कळवावे लागते. पण तडजोडीच्या कागदातून डॉक्टरचे नाव वगळून फक्त रुग्णालयाचे ठेवले, तर नोंद होत नाही. डॉक्टरने स्वतःच्या खिशातून दिले तरीही नाही. वर, नावानिशी नोंदी पाहण्याची मुभा रुग्णालये आणि परवाना मंडळांना आहे, रुग्णाला नाही.

गप्प राहण्याची किंमत आयकरवाल्यांनाही कळते. बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमनने कॅमेरामनला लाथ मारल्यावर २ लाख डॉलरची तडजोड झाली होती. २००३ मध्ये टॅक्स कोर्टाने त्यातले ८० हजार गोपनीयतेपोटीचे वगैरे धरून करपात्र ठरवले.

आकडा गुप्त पण घटनाक्रम उघड, असे उलट उदाहरण विनोदी अभिनेत्री जोन रिव्हर्स यांचे. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका एंडोस्कोपी केंद्रात त्यांचे हृदय बंद पडले आणि ४ सप्टेंबरला त्या गेल्या. २०१६ ची तडजोड किती रकमेची होती, ते गुप्तच राहिले. पण मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या यंत्रणेचा तपासणी अहवाल खुला आहे. प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते, आणि गुंगी देण्याआधी त्यांचे वजनच नोंदवलेले नव्हते. नाडी-रक्तदाब घसरत असताना वेळेत हालचाल झाली नाही. केंद्राच्या वैद्यकीय पथकात नसलेली डॉक्टर आत होती, मोबाइलवर फोटोही काढला गेला.

पुढच्या वेळी अशी बातमी छापताना आपल्या वार्ताहराने असा तपासणी अहवाल आणि कोर्टाचा वाटपाचा आदेश आधी मिळवावा, एवढी विनंती. आकडा तिसऱ्या परिच्छेदात आला तरी चालेल.

आपला,
एक वाचक